घरून काम, मानेत कळ आणि पुण्याचं बोलावणं

प्रश्न (पत्र थोडक्यात, लिहिणाऱ्या ताईंच्या विनंतीवरून नाव-गाव वगळलं आहे) : वय ३८. रत्नागिरी जिल्ह्यात किनाऱ्यालगतच्या गावात सासर. नवरा तालुक्याच्या शाळेत शिक्षक, मुलगी तिसरीत, घरी सासूबाई. पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम २०२० च्या लॉकडाऊनपासून घरून चालू आहे. सकाळी दहा ते संध्याकाळी साडेसहा, मग रात्री आठ ते साडेदहा अमेरिकेतल्या टीमबरोबर कॉल. शनिवारी सकाळीही तीन-चार तास. लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर. वर्षभर मान आणि उजवा खांदा दुखतो. रात्री उजव्या हाताला मुंग्या येऊन जाग येते, हात झटकला की बरं वाटतं. संध्याकाळी डोळे चुरचुरतात, डोकं जड होतं. चार वर्षांत सात किलो वजन वाढलं. झोप एकच्या पुढे, दिवसभर थकवा आणि चिडचिड. सासूबाई म्हणतात, "घरात बसून तर काम, त्यात दमायला काय होतं गो?" ताई लिहितात, "एवढी चांगली हवा, ताजी मासळी, शिवाय घरातली सगळी कामं करते. तरी मीच आजारी. ऑफिसला जात होते तेव्हा यातलं काही नव्हतं." आता कंपनीने कळवलंय की आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला या, नाहीतर कायम घरून काम करण्याचा अर्ज द्या. मुदत महिनाअखेरपर्यंत. तब्येतीसाठी पुण्याला जावं का?

उत्तर :

ताई,

तुम्ही दोन प्रश्न एकाच दाव्याला बांधलेत. तब्येत कशाने बिघडली हा एक, आणि कंपनीला काय कळवायचं हा दुसरा. दुसऱ्याला तारीख आहे, म्हणून पहिल्याचं उत्तर घाईत ठरून गेलं : घरून काम केल्यामुळे बिघडली, ऑफिसला गेलं की सुधारेल. यात तथ्य नाही असं नाही. पण या एका उत्तरावर संसार दोन ठिकाणी मांडायचा, तर ते आधी नीट पारखून घेऊ.

"ऑफिसला जात होते तेव्हा नव्हतं" हे वाक्य पुन्हा वाचा. तेव्हा तुम्ही तेहेतीस-चौतीस वर्षांच्या होता. तेव्हा रात्रीचे कॉल होते का? शनिवार कामाचा होता का? पत्रात ते नाही. जागा बदलली, त्याच काळात टेबल बदललं, कामाचे तासही बहुधा वाढले, वयही पुढे सरकलं. चार गोष्टी एकदम बदलल्यावर दोष एकट्या जागेवर टाकता येत नाही.

तासांचाच हिशेब करा. दहा ते साडेसहातून जेवणाचा पाऊण तास काढला तर उरले पावणेआठ. रात्रीचे अडीच मिळवून रोजचे सव्वादहा. पाच दिवसांचे एक्कावन्नच्या वर, आणि शनिवार धरून आठवड्याला साधारण ५५ तास. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही हाच आकडा आहे. आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांमध्ये, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त दिसला. तुमच्या वयात मुळातला धोका कमी असतो, त्यामुळे घाबरून जाऊ नका. सांगायचं ते इतकंच, की तिथे तास मोजले होते. आणि तुमचा रात्रीचा कॉल पुण्यातही आठलाच असेल. उलट ऑफिसातून तास-दीड तास गर्दीतून खोलीवर पोचलात की जेवणाआधी तोच कॉल समोर उभा राहील.

आता शरीराकडे येऊ. वाढतं वजन, थकवा आणि हाताच्या मुंग्या या तीन तक्रारी एकत्र आल्या की खुर्ची बदलण्याआधी रक्त तपासायचं. थायरॉइडचं काम मंदावलं तर या तिन्ही गोष्टी होतात, आणि वर मनही उदास राहतं. थायरॉइड मंदावलं की जिचा आकडा वाढतो ती टीएसएच, मागच्या तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी, हिमोग्लोबिन, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व, एवढ्या तपासण्या डॉक्टरांना विचारून या आठवड्यातच करून घ्या. तालुक्याच्या ठिकाणच्या लॅबमध्ये रक्त देता येतं. टीएसएच वाढलेलं निघालं, तर ऑफिसातली कितीही चांगली खुर्ची त्याला उपाय नाही. रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायची एक गोळी आहे.

मुंग्या नेमक्या कोणत्या बोटांना येतात ते आज रात्री जाग आली की पाहा. अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू असेल, करंगळी सुटलेली असेल, तर मनगटातल्या बोगद्यातून जाणारी नस दाबली जातेय. हात झटकल्यावर बरं वाटणं हीही त्याचीच खूण. करंगळी आणि अनामिका बधिर होत असतील तर दाब कोपरापाशी असतो, टेबलाच्या कडेवर कोपर टेकून बसल्याने. आणि मान वळवली की कळ खांद्यातून हातात उतरत असेल तर नस मानेत दाबली जातेय. मनगटाचा दाब असेल तर मेडिकलमध्ये मनगट सरळ धरणारा पट्टा मिळतो, आत पत्र्याची पट्टी असलेला. तो फक्त रात्री बांधायचा, निदान सहा आठवडे. झोपेत मनगट दुमडतं आणि नस चेपते, ते त्याने थांबतं. पट्टा इतका घट्ट नको की बोटं सुजतील. वस्तू हातातून निसटायला लागल्या किंवा अंगठ्याच्या मुळाशी मांस खपाटीला गेलेलं दिसलं, तर सहा आठवडे थांबू नका. नसांची तपासणी करून घ्या. पायातली ताकद कमी होणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणं, यांपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी इस्पितळ गाठायचं. हे सगळ्याच वाचकांसाठी.

मग टेबल. घरातली मोजायची टेप घ्या, नवऱ्याला मदतीला घ्या, आणि नेहमीसारख्या कामाला बसा. जेवणाचं टेबल जमिनीपासून साधारण ७५ सेंटीमीटर असतं, साधी खुर्ची ४५. तुमची उंची पत्रात नाही, पाच फूट एक-दोन इंच धरू. हात खांद्यापासून सैल सोडून कोपरात काटकोन करा आणि कोपर ते जमीन मोजा. ६६ च्या आसपास भरेल. म्हणजे टेबल तुमच्या कोपरापेक्षा नऊ सेंटीमीटर वर आहे, त्यावर कीबोर्डची जाडी. ही अकरा सेंटीमीटरची तूट कोण भरून काढतं? खांदे. दिवसभर ते कानाकडे उचललेले राहतात, माउसच्या बाजूचा जास्त. उजवा खांदाच का दुखतो, याचं उत्तर बहुतेक इथे आहे. त्यात लॅपटॉपचा पडदा खाली, म्हणून साडेचार-पाच किलोचं डोकं पुढे झुकलेलं. मानेचे स्नायू ते तासन्‌तास धरून ठेवतात.

लॅपटॉपची अडचण मूळ घडणीतच आहे. पडदा आणि कीबोर्ड जोडलेले आहेत, त्यामुळे एक योग्य उंचीवर आणला की दुसरा चुकतो. म्हणून वेगळा कीबोर्ड आणि माउस घ्या. साधा जोड हजाराच्या आसपास मिळतो. लॅपटॉप पुस्तकांच्या चळतीवर वीस-पंचवीस सेंटीमीटर उचला, पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली येईल इतका. अंतर हातभर, म्हणजे ५० ते ७० सेंटीमीटर. कोपर टेबलाच्या पातळीला आणण्याचे दोन मार्ग आहेत. सोपा मार्ग म्हणजे गावातल्या सुताराकडून वेगळं टेबल करून घ्या, उंची ६४ सेंटीमीटर, फळी १०० बाय ६०. तेवढ्या उंचीला तुमची आत्ताची खुर्ची चालते आणि पायाखाली घरातला पाट पुरतो. टेबल बदलायचं नसेल तर खुर्चीवर नऊ-दहा सेंटीमीटरची कडक गादी लागेल, आणि मग पाय लोंबकळतील म्हणून विटांचे दोन थर रचून वर पाट. पाय लोंबकळले की मांडीची मागची बाजू खुर्चीच्या कडेवर दाबते आणि पायांना रग लागते. लोक गादी घेतात आणि पायाखालचं विसरतात. गादी फोमची असेल तर आपल्या दमट हवेत श्रावण संपेपर्यंत तिला बुरशी धरते. कापसाची, घट्ट भरलेली घ्या आणि उघडीप मिळेल तेव्हा उन्हात टाका. कमरेच्या खोलगट भागाशी टॉवेलची गुंडाळी ठेवा. प्लॅस्टिकच्या खुर्चीची पाठ मागे झुकते आणि बूड पुढे घसरतं, ती कामाला नकोच. झोपाळ्यावर आणि बिछान्यातही लॅपटॉप नको.

कौलारू घर असेल तर माजघर काळोखं आणि पडवी लख्ख असते, आणि दोन्ही डोळ्यांना वाईट. काळोखात पडदा डोळ्यांवर येतो. पडवीत तो दिसत नाही म्हणून माणूस मान पुढे काढतो. खिडकी किंवा दार डाव्या-उजव्या हाताला येईल अशी जागा धरा, समोर नको आणि पाठीमागेही नको. पंख्याचा झोत तोंडावर घेऊ नका. पडद्याकडे बघताना पापण्यांची उघडझाप कमी होते, त्यात वारा लागला की डोळ्यांतलं पाणी सुकतं, आणि चुरचुर येते ती त्याची. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद, वीस फुटांपलीकडे पाहायचं. तुमच्या आगरातल्या माडांचे शेंडे त्यासाठी पुरेसे आहेत. चाळिशी जवळ आली आहे, तेव्हा डोळेही तपासून घ्या; जवळचा नंबर लागला असेल तर डोकेदुखीचं एक कारण सापडेल.

"घरातली सगळी कामं करते," म्हणजे व्यायाम होतोच, हा तुमचा आणि आपल्याकडच्या बहुतेक बायकांचा समज. कष्ट होतात, यात शंका नाही. पण दुखऱ्या मनगटाला आणि पाठीला कोणते कष्ट होतात ते बघा. विळीवर बसून नारळ खवणताना करवंटी दोन्ही हातांनी घट्ट धरून मनगटं शेकडो वेळा वळतात. धुतलेली चादर पिळताना तेच. केरसुणीने वाकून केर काढताना कंबर आधीच तासन्‌तास बसून आखडलेली असते. म्हणजे कीबोर्डने दुखावलेला तोच हात तुम्ही विळीला देता. सहा आठवडे खवणण्याचं आणि पिळण्याचं काम दुसऱ्याकडे द्या. सासूबाईंनी नाही, नवऱ्याने करावं. रविवारी तीन-चार नारळ खवून डब्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवले की आठवडा निघतो. केरसुणी लांब दांड्याची घ्या.

शरीराला जे हवंय आणि घरकामात मिळत नाही, ते म्हणजे न थांबता चालणं. ऑफिसात ते नकळत होत होतं : स्टॉपपासून गेटपर्यंत, जिने, कँटीन, मीटिंगच्या खोल्या. घरात टेबल ते चूल वीस पावलं. मोठ्या माणसाने आठवड्याला निदान १५० मिनिटं झपझप चालावं आणि दोन दिवस स्नायूंना जोर पडेल असं काही करावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लॉगइनच्या आधी पंधरा मिनिटं आणि साडेसहाला लॅपटॉप मिटल्यावर पंधरा मिनिटं चाला. पाच दिवसांत १५० होतात. मनालाही कळतं की काम सुरू झालं आणि काम संपलं. हा तुमचा ऑफिसचा रस्ता समजा.

किनाऱ्यावर जाणार असाल तर सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या वेळी, ओल्या कडक वाळूवर. कोरड्या भुसभुशीत वाळूत दुप्पट किंवा अधिक ताकद लागते आणि सुरुवातीलाच पोटऱ्या भरून येतात. किनारा उतरता असतो, एक पाय सतत खाली पडतो. म्हणून गेलात त्याच पट्ट्याने परत या, म्हणजे कमरेच्या दोन्ही बाजूंना सारखा भार. सुकती रोज पाऊण तासाने पुढे जाते, त्यामुळे ठराविक वेळ धरून चालणार नाही. तिथीच्या आकड्याची (अमावास्या-पौर्णिमा पंधरा धरून) पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते, हे तुमच्या सासूबाईंना ठाऊक असेल. अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास भरती, म्हणजे पहाटे पाच-साडेपाचला आणि संध्याकाळीही तेव्हाच सुकती. ते तीन-चार दिवस किनाऱ्याचे. अष्टमीला सकाळ-संध्याकाळ सहाला भरती असते, तेव्हा पाखाडी, म्हणजे चिऱ्यांच्या पायऱ्यांची वाट, चढा-उतरा. पावसाळ्यात पाखाडीच्या चिऱ्यांवर शेवाळ धरतं, तिथे पाय घसरून मनगटावर पडणं परवडणार नाही. जून ते सप्टेंबर पडवीतच दहा-दहा मिनिटांच्या तीन फेऱ्या. कॉलमध्ये नुसतं ऐकायचं असेल तेव्हा हेडसेट लावून उभ्या राहा किंवा येरझाऱ्या घाला. आठवड्यात असे कितीतरी तास निघतात.

कामाच्या मध्ये दर अर्ध्या तासाने दोन मिनिटं उठायचं. फोनवर गजर लावा, कारण आठवण राहत नाही. दिवसातून तीन वेळा हे करा : हनुवटी मागे ओढून, दुहेरी हनुवटी होईल अशी, पाच सेकंद धरायची, दहा वेळा. खांद्याची पाती मागे एकमेकांकडे ओढायची, तशीच दहा वेळा. हात न टेकता खुर्चीतून उठायचं-बसायचं, दहा वेळा. मान गोल गोल फिरवू नका. बरेच जण ते करतात आणि चक्कर आणतात. कळ हातात उतरत असेल तर हेही फिजिओथेरपिस्टला विचारूनच करा.

वजनाचं मनाला फार लावून घेतलंय असं पत्रावरून वाटतं. सात किलो, ४८ महिने : महिन्याला दीडशे ग्रॅमही नाही. ढोबळ हिशेबाने रोज चाळीसेक कॅलरी जास्त, म्हणजे छोटा चमचाभर तेल. याला उपास नकोत आणि भात बंद करणंही नको. दुपारच्या भाताचा एक वाढा कमी करून तिथे कुळथाची पिठी, उसळ किंवा मासळीचा एक तुकडा वाढवा. शंभर ग्रॅम मासळीतून १८ ते २० ग्रॅम प्रथिनं मिळतात आणि भूक पाच वाजेपर्यंत टिकते. बांगडा-तारली तळण्यापेक्षा तिखल्यात किंवा कालवणात. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा सुक्या मासळीवर भर असतो आणि तिच्यात मीठ भरपूर. त्या दिवसांत अंडी आणि कुळीथ वाढवा. कॉलवर बसून खाल्लेले काजू आणि फरसाण मोजायला विसरू नका, चाळीस कॅलरी तिथेच निघतात.

"एवढी चांगली हवा" असूनही ड जीवनसत्त्व कमी निघालं तर नवल मानू नका. सकाळचं कोवळं ऊन झोपेच्या घड्याळाला चांगलं, पण त्या तिरप्या किरणांतून ड जीवनसत्त्व फारसं बनत नाही. सावली आपल्यापेक्षा आखूड असते तेव्हाचं ऊन लागतं, अंदाजे साडेदहा ते तीन. आठवड्यात तीन-चार दिवस वीसेक मिनिटं, हात-पाय उघडे, डोक्यावर पदर किंवा टोपी. तुम्ही तर त्याच वेळात घरात बसलेल्या असता. पावसाळ्याचे चार महिने तेही नाही. साठ हजार युनिटची पुडी मात्र रिपोर्ट आणि डॉक्टर यांच्याशिवाय घ्यायची नाही. जास्त झाली तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं.

झोप हा या सगळ्याचा खुंटा आहे. साडेदहाला कॉल संपतो, मग जेवण, मग फोन, मग एक. जेवण कॉलच्या आधी, सात वाजता करा. चारनंतर चहा बंद, कारण चहातलं कॅफीन निम्मं उतरायला पाच-सहा तास लागतात. कॉलनंतर कोमट पाण्याने अंघोळ, आणि उठण्याची वेळ रविवारीसुद्धा एकच. आणखी एक गोष्ट आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा. अमेरिकेची घड्याळं नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे जातात आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी पूर्ववत होतात. तिकडच्या वेळेला बांधलेला तुमचा कॉल त्या चार महिन्यांत साडेअकरापर्यंत जाणार. त्यासाठी मॅनेजरशी ऑक्टोबरातच बोला : आठवड्यातले दोन-तीन कॉलच मी घेईन, बाकीच्यांना लेखी अहवाल देईन. कामाची वेळ संपल्यावर फोन न उचलण्याचा हक्क देणारा कायदा आपल्या देशात नाही. सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये तसं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं, त्याचा कायदा झाला नाही. तेव्हा हे मागूनच घ्यावं लागतं.

सासूबाईंचं वाक्य तुम्हाला लागलंय. त्यांच्या जागी जाऊन बघा : त्यांना दिसते ती खुर्चीत बसलेली सून. काम दिसतच नाही. ते दिसेल असं करा. स्वयंपाकघराच्या भिंतीवर रोजच्या वेळा मोठ्या अक्षरांत लावा : दहा ते एक काम, सव्वा ते दोन जेवण, मग साडेसहापर्यंत काम. कॉल असेल तेव्हा दाराला एखादं लाल फडकं अडकवा. दार बंद असताना गॅसवरचं दूध कोण बघणार, गड्याला पैसे कोण देणार, मुलीला शाळेतून कोण आणणार, हे नवऱ्यासमोर बसून ठरवा. तुम्ही घरी आहात म्हणून ही सगळी कामं आपोआप तुमच्याकडे आलीत, कोणी कधी वाटून दिली नव्हती. संध्याकाळी लॅपटॉप, माउस, वायर सगळं कपाटात. रात्रीच्या कॉलला पुन्हा काढावं लागेल, तरीही.

आता पुण्याचा विचार. ऑफिसचा एक फायदा खरा आहे आणि कमी लेखू नका : माणसं. पत्रात तुम्ही घरच्यांशिवाय एकाही माणसाचं नाव घेतलेलं नाही. चार वर्षं मैत्रिणीबरोबर चहा नाही, कामातला वैताग बोलायला कोणी नाही. चिडचिडीचा मोठा वाटा इथून येत असू शकतो. पण आठवड्याला तीन दिवस पुणे म्हणजे दर आठवड्याला दोनदा घाट, दोन रात्री रातराणीत, बसून, हादरे खात; तुमच्या मानेला हे घरच्या टेबलापेक्षा वाईट, आणि पावसाळ्यात दरड कोसळली की तेही अनिश्चित. मुलीसह बिऱ्हाड हलवलं तर प्रवास वाचतो, पण नवरा गावात, मुलीची शाळा पुण्यात, आणि घरकामाचा दुसरा हात कमी. तीनच वाटा आहेत असं मात्र नाही. महिन्याचे बारा दिवस विखुरलेले घेण्याऐवजी आठ-दहा दिवस सलग मागता येतात. महिन्यात एकदाच प्रवास, आणि नवऱ्याला घर सांभाळायची तयारी करता येते. तालुक्याच्या बाजारात वीज आणि नेट बरं असलेली एखादी खोली तुमच्यासारख्या आणखी दोघा-तिघांनी मिळून भाड्याने घ्यावी आणि आठवड्यातले दोन दिवस तिथून काम करावं, हीही वाट आहे. गावोगावी परतलेले असे नोकरदार आता बरेच आहेत, शाळेच्या पालकसभेत विचारलंत तरी सापडतील. मन फारच मिटलं, कशातच गोडी वाटेना, तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक चोवीस तास, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

कोणती वाट, ते सहा आठवड्यांनी ठरवा. वहीत रोज चार आकडे लिहा : किती तास झोपले, किती पावलं चालले, दुखणं दहापैकी किती, रात्री मुंग्यांनी किती वेळा जाग आली. पाचवी ओळ घराबाहेरच्या माणसाशी बोलणं झालं की नाही, याची. सहा आठवड्यांत दुखणं उतरलं, झोप सुधारली, तरी मन तसंच जड राहिलं, तर तुम्हाला माणसं हवी आहेत. तेव्हा पुण्याचे सलग दिवस किंवा बाजारातली खोली निवडा. मन हलकं झालं पण हात तसाच, तर डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट. जागा बदलून तो बरा होणार नाही. दोन्ही सुधारलं तर कायम घरून कामाचा अर्ज बिनधास्त द्या. रात्रीचे कॉल कमी झालेच नाहीत आणि काहीच सुधारलं नाही, तर वाटाघाट जागेची नाही, कामाची करायची आहे.

महिनाअखेरच्या मुदतीसाठी मॅनेजर आणि एचआर, दोघांना एकाच मेलवर एवढंच लिहा : "वैद्यकीय तपासण्या आणि उपचार चालू असल्याने निर्णयासाठी सहा आठवड्यांची मुदतवाढ मिळावी. या काळात सध्याच्या वेळापत्रकाने घरून काम चालू राहील. रात्रीचे कॉल आठवड्याला दोन करता येतील का, तेही कळवावं." डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत जोडा, कोणत्या तपासण्या, हे सविस्तर सांगायची गरज नाही. उत्तर फोनवर तोंडी आलं, तर "आपल्या बोलण्याप्रमाणे" अशी सुरुवात करून तेच मुद्दे त्याच दिवशी मेलने परत पाठवा.